रजेच्या शेताचा कोपरा



आगमनकाळ सुरू झाला, की आपल्या घरात दोन कॅलेंडरं एकदमच येतात. एक चर्चचं. त्याचं वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी सुरू होतं, म्हणजे यंदा 30 नोव्हेंबरला. दुसरं सरकारी सुट्ट्यांचं. पुढच्या वर्षीची यादी जाहीर होते आणि ती मोबाइलवर फिरायला लागते. पहिल्या कॅलेंडरकडे आपण मिस्सा संपल्यावर नजर टाकतो आणि ते खिळ्याला अडकवून टाकतो. दुसरं मात्र समोर धरून, पेन हातात घेऊन वाचतो.

आणि 2026 ची यादी तर वाचण्यासारखीच आहे. 26 जानेवारी सोमवारी आलाय. गुड फ्रायडे 3 एप्रिलला. 1 मे शुक्रवारी, 2 ऑक्टोबर शुक्रवारी आणि नाताळही शुक्रवारीच. ज्यांना शनिवार-रविवार सुट्टी असते, त्यांना पाच वेळा सलग तीन दिवस न मागता मिळाले. उलट 15 ऑगस्ट शनिवारी आणि 1 नोव्हेंबर रविवारी आल्यामुळे त्या दोन सुट्ट्या ‘बुडाल्या’ म्हणून हळहळही सुरू झाली. मग हिशेब होतो. गुरुवारची एक रजा टाकली तर चार दिवस, सोमवारचीही टाकली तर पाच. गोव्याचं बुकिंग कधी करायचं, दांडेलीला जायचं का, मुलांच्या परीक्षा कधी संपतात?

यात वाईट काहीच नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस कुटुंबाबरोबर घालवावेत, हे देवालाही आवडतं. प्रेषित दमूनभागून परतले, तेव्हा प्रभू येशूने त्यांना आधी काय सांगितलं? एकांतात चला आणि थोडा विसावा घ्या. (मार्क 6:31) पुढचं काम त्याने सांगितलं नाही. आपला प्रभू माणसाचा थकवा ओळखणारा आहे. म्हणून रजेचं नियोजन हा विषय चर्चच्या दाराबाहेरचा आहे असं आम्हाला वाटत नाही, आणि आज त्यावरच लिहायचं ठरवलं.

सुट्टी आणि रजा हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो, पण त्यांत फरक आहे. सुट्टी आपल्याला दिली जाते. 26 जानेवारीला कार्यालय बंदच असतं, तिथे आपण काही निवडत नाही. रजा मात्र आपण निवडतो. आपल्या नावावर मोजके दिवस असतात आणि ते कुठे खर्चायचे हे आपणच ठरवतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाला 30 दिवस अर्जित रजा, 8 दिवस किरकोळ रजा आणि यादीतून निवडायच्या 2 ऐच्छिक सुट्ट्या असतात. कारखान्यातल्या कामगाराचा हिशेब फार साधा आणि फार कडक आहे. वीस दिवस काम केलं की एक दिवस भरपगारी रजा. म्हणजे आपला एखादा भाऊ ‘दोन दिवस रजा टाकली’ असं म्हणतो, तेव्हा त्या दोन दिवसांमागे चाळीस दिवसांचा घाम असतो. इतक्या महागाची वस्तू माणूस कुठे ठेवतो, यावरून त्याचं मन कुठे आहे ते कळतं. जिथे आपलं धन तिथे आपलं मन, असं प्रभूने सांगितलंच आहे. नोकरदार माणसासाठी रजासुद्धा धनच आहे.

आठवड्याचा रविवारदेखील फुकट मिळालेला नाही, हेही इथे सांगायला हवं. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने इसवी सन 321 मध्ये रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला, पण शेतकऱ्यांना त्यातून वगळलं. शेतातलं काम चालू ठेवायची मुभा होती. म्हणजे अगदी पहिल्या सरकारी रविवारीसुद्धा राबणारे हात राबतच होते. आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरण्यांमध्ये साहेब लोक रविवारी चर्चला जायचे, गिरणी कामगार मात्र सातही दिवस राबायचा. त्याला रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं लढा दिल्यावर. लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रविवारच का, तर तो खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं होतं. आज आपण निवांतपणे रविवारच्या मिस्साला जातो, त्या निवांतपणात एका सत्यशोधक कार्यकर्त्याचे कष्ट आहेत. विश्रांती ही कुणीतरी दुसऱ्यासाठी मागावी लागते, तेव्हा ती सगळ्यांना मिळते. ही गोष्ट मनात धरून आता पवित्र शास्त्राकडे वळू.

पवित्र शास्त्रातही सुट्ट्यांची एक यादी आहे. लेवीयच्या पुस्तकाचा 23 वा अध्याय उघडा. अगदी आपल्या सरकारी परिपत्रकासारखा तारीखवार अध्याय आहे. सुरुवातीला साप्ताहिक सुट्टी, म्हणजे शब्बाथ. मग पहिल्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी वल्हांडण, त्यानंतर सात दिवस बेखमीर भाकरीचा सण, प्रथमपिकाची पेंढी, तिथून पन्नास दिवस मोजून येणारा सण. सातव्या महिन्यात पहिल्या दिवशी कर्णे वाजवायचे, दहाव्या दिवशी प्रायश्चित्त, पंधराव्या दिवसापासून मांडवांचा सण. कुठल्या दिवशी काम बंद ठेवायचं, कोणतं अर्पण आणायचं, सगळं स्पष्ट.

पण या यादीच्या अगदी मध्यावर, 22 व्या वचनात, एक गोष्ट येते जी सुट्टीबद्दल नाहीच. देव सांगतो की पीक कापताना शेताच्या कडेपर्यंत कापत जाऊ नका, गळून पडलेला सरवा वेचू नका. तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. बस, एवढंच. आणि पुढच्याच वचनात पुन्हा सणांच्या तारखा सुरू.

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हा अध्याय घेतो, तेव्हा मुलं विचारतात, ‘हे मध्येच कशाला आलं?’ मुलांचा प्रश्न बरोबर आहे. आमच्या मते ते चुकून आलेलं नाही. सण म्हटला की माणूस स्वतःच्या घराकडे बघतो. आपलं पीक, आपलं ताट, आपली माणसं. नेमक्या त्या वेळी देव त्याच्या खांद्यावर हात ठेवून आठवण करून देतो की शेताचा एक कोपरा तुझा नाही. रूथची गोष्ट आपल्याला माहीत आहे. परक्या देशातून आलेली ती विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचत होती आणि तिच्याच वंशात पुढे दावीद जन्मला, आणि दाविदाच्या घराण्यात आपला तारणारा. कुणीतरी कोपरा न कापता ठेवला होता म्हणून रूथला तिथे जागा मिळाली.

आपली रजा हे आपलं शेत आहे. आणि लाँग वीकेंडचा हिशेब करताना आपण नेमकं हेच करतो: कडेपर्यंत कापतो. एकही दिवस वाया जाऊ नये, एकही कोपरा सुटू नये. वर्षअखेरीला मोजून बघितलं तर किरकोळ रजेतलं काहीही शिल्लक नसतं. शिल्लक राहिलं तरी काय, ती रजा पुढच्या वर्षी नेता येत नाही. रानात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवून ठेवलेल्या मान्न्यासारखी ती 31 डिसेंबरला नासून जाते. म्हणून प्रश्न रजा वाचवण्याचा नाही. कोपरा कुणासाठी ठेवला, हा आहे.

पहिला कोपरा देवासाठी. सरकारी यादीत गुड फ्रायडे आहे, पण पवित्र गुरुवार नाही. पुनरुत्थानाचा दिवस तर नेहमीच रविवार, म्हणून त्याची वेगळी सुट्टी कधी लागत नाही. राखेचा बुधवार, जो 2026 मध्ये 18 फेब्रुवारीला आहे, त्या दिवशी कार्यालयं चालूच असतात. 2 नोव्हेंबर, आपल्या मृतांच्या स्मरणाचा दिवस, पुढच्या वर्षी सोमवारी आला आहे आणि तोही कामाचाच. संत फ्रान्सिस झेवियरचा सण 3 डिसेंबरला. गोव्यात त्या दिवशी सरकारी सुट्टी, पण चोर्ला घाट चढून इकडे बेळगावात आलं की सुट्टी नाही. ज्याला जुन्या गोव्याला जाऊन सायबाचं दर्शन घ्यायचं आहे, त्याला आपल्या खात्यातला दिवस काढावाच लागतो. याउलट 15 ऑगस्ट. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी येत असल्यामुळे आपल्याला झेंडावंदनही करता येतं आणि मिस्सालाही जाता येतं. त्या दिवशी सुट्टी ‘बुडाली’ असं म्हणण्यासारखं आपल्याकडे काही नाही.

आपल्यातल्या बऱ्याच घरांतला एखादा मुलगा किंवा जावई आखातात असतो. त्यांचं कॅलेंडर बघा. कुवेतमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारची. त्यामुळे गुड फ्रायडेला तिथल्या आपल्या भावाला रजा मागावी लागत नाही, पण ईस्टरच्या रविवारी सकाळी त्याला कामावर हजर व्हावं लागतं. नाताळची सरकारी सुट्टी तिथे नाहीच. तिथली चर्चं साप्ताहिक सुट्टीच्या शुक्रवारी भरून वाहतात, कारण कामगाराला तोच दिवस मोकळा असतो. दुबईकडे 2022 पासून शनिवार-रविवार सुट्टी झाली, तेव्हा तिथल्या आपल्या लोकांना रविवारची मिस्सा रविवारी मिळाली याचंच किती अप्रूप! ज्यांना यादीने काही दिलेलं नाही, ते पहाटे उठून, ड्यूटी बदलून प्रभूसाठी वेळ काढतात. आपल्याला तर यादीने अर्धं काम करून दिलं आहे. उरलेलं अर्धं, म्हणजे गुरुवार संध्याकाळ आणि शनिवारची रात्र, आपल्याकडे आहे.

संत योसेफाला कुणी भरपगारी रजा दिली नव्हती. सुतारकाम बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. तरी संत लूक सांगतो की येशूचे आईवडील दरवर्षी वल्हांडणासाठी येरुशलेमला जात. (लूक 2:41) नाझरेथहून येरुशलेम म्हणजे काही दिवसांची पायपीट, तेवढीच परतीची, मधले सणाचे दिवस वेगळे. हातावर पोट असलेल्या त्या घराचं वर्षाचं नियोजन या सणापासून सुरू होत असणार. आधी वल्हांडण, मग बाकीची कामं. बारा वर्षांचा येशू मंदिरात हरवला आणि सापडला ती गोष्ट आपण सांगतो. पण तो तिथे पोचला कसा, तर आईवडिलांनी दुकान बंद ठेवलं म्हणून.

दुसरा कोपरा शेजाऱ्यासाठी. अनुवादाच्या 5 व्या अध्यायात शब्बाथाची आज्ञा वाचा. तू विसावा घे एवढंच तिथे म्हटलेलं नाही. तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या दारातला परका, सगळ्यांनी विसावा घ्यावा, आणि कारण दिलं आहे: तू स्वतः मिसर देशात गुलाम होतास याची आठवण ठेव. ज्याची विश्रांती दुसऱ्याच्या श्रमावर उभी आहे, त्याने ही आज्ञा अर्धीच पाळली.

आपल्या अवतीभवती अशी किती माणसं आहेत ज्यांना रजेचं खातंच नाही! घरी कामाला येणारी बाई, सोसायटीचा वॉचमन, हॉटेलातला पोरगा, बांधकामावरची जोडपी. आणि एक वर्ग असा आहे जो कुणाच्याच यादीत नसतो: घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारे. त्यांना रविवार नाही, नाताळ नाही, 26 जानेवारी नाही.

आमच्या पॅरिशमध्ये अशा एक ताई आहेत. पतीला अर्धांगवायू झाल्यापासून सहा वर्षं त्या घराबाहेर फार तर औषधांपुरत्या पडतात. कम्युनियन त्यांच्या घरी नेली जाते. मागच्या प्रायश्चित्तकाळात भेटीला गेलेल्या स्वयंसेवकांनी विचारलं, ‘ताई, काही हवं-नको?’ त्यांनी पैसे मागितले नाहीत, औषध मागितलं नाही. म्हणाल्या, ‘ईस्टरच्या रात्री मेणबत्ती हातात धरून उभं राहायचंय एकदा. पण ह्यांना सोडून कशी येऊ?’

बेंगळुरूला नोकरी करणारा आमचाच एक तरुण तेव्हा गावी येणार होता. मित्रांबरोबर समुद्रकिनाऱ्यावर जायचं त्याचं ठरलं होतं, शनिवारी संध्याकाळी निघायचं. कुणीतरी त्याला हे सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, ‘त्यांना उचलून बसवायला दोघं लागतील ना?’ शनिवारी रात्री तो आणि त्याचा चुलतभाऊ त्या घरी जाऊन बसले. काकांना पाणी पाजलं, कूस बदलली, जुन्या क्रिकेट सामन्यांच्या गप्पा मारल्या. इकडे ताई सहा वर्षांनी अंधारात, सगळ्यांबरोबर, पेटलेली मेणबत्ती धरून उभ्या होत्या. मिस्सा संपल्यावर त्या कुणाशी फार बोलल्या नाहीत. विझवलेली मेणबत्ती रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेल्या, काकांना दाखवायला. मित्रांबरोबरची सहल त्या तरुणाने रविवारी दुपारी निघून केलीच. दिवस कमी पडला, सहल नाही.

कुणी म्हणेल, ‘आम्हाला वर्षाला बारा दिवस मिळतात, आम्ही कधी विसावा घ्यायचा?’ हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्याला आम्ही दोष देणार नाही. त्याच्यासाठी मार्कचा तोच 6 वा अध्याय पुढे वाचावा असं सुचवतो. प्रेषित विसाव्यासाठी नावेत बसून निघाले खरे, पण लोक किनाऱ्याने धावत त्यांच्या आधीच पोचले. प्रभूला त्यांचा कळवळा आला आणि तो त्यांना शिकवू लागला. आपल्या भाषेत सांगायचं तर प्रेषितांची रजा रद्द झाली! पण गंमत अशी की त्याच संध्याकाळी पाच हजारांना भाकरी मिळाली आणि बारा टोपल्या उरल्या. आणि त्यानंतर प्रभूने शिष्यांना पुढे पाठवून स्वतः डोंगरावर एकांतात प्रार्थना केली. विसावा त्यानेही सोडला नाही, थोडा पुढे ढकलला. म्हणून कुणीही अपराधीपणाने रजा घेऊ नये. आईवडिलांना भेटण्यासाठी, बायकोमुलांबरोबर बसण्यासाठी, नुसतं झोपण्यासाठी घेतलेला दिवसही देवाने दिलेला आहे. सगळं शेत द्या असं देव म्हणत नाही. कोपरा ठेवा म्हणतो.

आणि ज्यांना सणाच्या दिवशी रजा मिळतच नाही, त्या नर्स, पोलीस, बस ड्रायव्हर, वीज खात्यातले बंधुभगिनी, त्यांनीही मन लहान करू नये. प्रभूने शब्बाथाच्या दिवशी वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं. आजाऱ्याच्या उशाशी काढलेली गुड फ्रायडेची रात्रपाळी क्रुसापासून दूर नसते.

तर नव्या वर्षाचं कॅलेंडर समोर असेल, तेव्हा एवढं करून बघू या. सरकारी यादीवर खूण करण्याआधी चर्चचं कॅलेंडर शेजारी ठेवू. 2 एप्रिलचा पवित्र गुरुवार आणि 2 नोव्हेंबरचा सोमवार, या दोन दिवसांवर पहिली खूण करू. शनिवारी ड्यूटी असेल त्यांनी 4 एप्रिलवरही. बाहेरगावी असणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे पवित्र आठवड्याला गावी यायचं तर फेब्रुवारी लागता लागताच तिकीट काढावं लागेल. मग एक दिवस, फक्त एक, नाव न घालता मोकळा ठेवू. तो कुणासाठी आहे ते वर्षभरात कळेल: शेजारच्या आजींना दवाखान्यात न्यायला, कुणाच्या अंत्यविधीला खांदा द्यायला, सेवा करणाऱ्या एखाद्या ताईला दोन तास मोकळं करायला. आणि आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला तिच्या सणाच्या दिवशी, पगार न कापता, सुट्टी देऊ. तिने मागायच्या आधी.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभो, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. जे दिवस तू आम्हाला मोकळे दिलेस, ते कसे वापरायचे हे आम्हाला शिकव. आम्हाला विसावा दे आणि ज्यांना विसावा नाही त्यांची आठवणही दे. आमच्या रजेच्या शेताचा एक कोपरा आम्हाला न कापता ठेवता येऊ दे, आणि तिथे सरवा वेचायला येणाऱ्यामध्ये तुला ओळखता येऊ दे. आमेन.